तीन ब्रास वाळू

आमच्याकडं प्रत्येकासाठी एक शब्द आहे.
कुत्र्याला यू यू, नको झालं की हाड.
कोंबड्यांना तीऽ ती ती.
बैल पाण्यावर नेला की शीळ घालायची,
शीळ चालू आहे तोवर तो पितो.
मांजर शुक शुक ऐकत नाही,
पण शब्द आहे.

मगरीला नव्हता.
शिदूमामा नाव पाण्यात ढकलण्याआधी
वल्ह्याच्या दांड्यानं फळीवर तीनदा ठोकायचा.
तिला कळवतोय, म्हणायचा, आपण येतोय म्हणून.
मग ती काय म्हणते?
काय म्हणणार. बाजूला होते.
एवढं बास की.

पूल झाला, नाव काठावर उलटी पडली,
तिच्याखाली एक कुत्री व्याली.
मी सांगलीला आलो, विश्रामबागेत,
चार मजली साइटवर राखणीला.
पोती मोजायची, सळई मोजायची,
संध्याकाळी स्लॅबला पाणी मारायचं.
आंब्याचं पोर आणि पाणी मारतंय नळीनं,
मामा असता तर हसला असता.

मे महिना. रात्री एकला डंपर आला,
दिवे बंद ठेवून तीन ब्रास वाळू ओतली, गेला.
ओली होती. नदीचा वास होता तिला,
थोडा मळीचा.

मग ढीग बोलला.
उंक्. उंक्.

आधी वाटलं, कुणाचा मोबाइल पुरला गेला.
खोरं उचललं, खाली ठेवलं,
हातानं उकरलं.
अंडी. बरीचशी फुटलेली.
काही आतून बोलणारी.

मगरीचं पोर जन्माच्या आधी हाक मारतं
आणि आई काठावर कान लावून पडलेली असते,
हे मामाचं बोलणं मी गप्पा म्हणून ऐकलं होतं.
हाक आली की ती उकरते.
ज्या जबड्यानं म्हशीचा पाय मोडतो
त्याच जबड्यात अंडं धरून
पापड मोडावा तसं कवच मोडते.

ती आत्ता तिकडं असेल.
जेसीबीच्या दातांच्या खुणा हुंगत.

मी घसा आवळला आणि म्हणालो, उंक्.
ढीग गप्प.
मग सगळी एकदम.
आयुष्यात मला कुणी
इतक्या घाईनं उत्तर दिलं नव्हतं.
मी काय बोललो, मला ठाऊक नाही.
त्यांना कळलं.
चुकीचं कळलं.

अकरा निघाली, वीत वीतभर.
घमेल्यात ओलं गोणपाट.
इर्शाद सेंटरिंगवाल्याला उठवलं, त्याची गाडी.
चावली तर? तो म्हणाला.
मग मागं बसून घमेलं पोटाशी धरलं,
नांद्रे गेलं, वसगडे गेलं,
एकदाही चेष्टा केली नाही.

वल्हं नव्हतं. दगड घेतला,
उलट्या नावेवर तीनदा ठोकला,
घमेलं तिरकं केलं.
पलीकडं पाणी हललं, असं इर्शाद म्हणतो.
अंधार होता.
मी त्याला पुन्हा विचारलेलं नाही.

परत आलो तेव्हा मिक्सर सुरू झाला होता.
ढीग अर्ध्यावर.
मी म्हणालो, थांबवा.
मुकादम म्हणाला, का?
माझ्याकडं शब्द होते,
मराठी होती, त्याचीही तीच,
पाटाळलेले हात होते दाखवायला, वाळूनं सोललेले.
त्यानं हातानं खूण केली.
मी बाजूला झालो.

आता तिसऱ्या मजल्यावर कुणी दातांचे डॉक्टर राहतात.
त्यांच्या पायाखालच्या स्लॅबला
एकवीस दिवस पाणी मी मारलं.
नळी सोडण्याआधी तिचं तोंड
काँक्रीटवर तीनदा ठोकायचो.
कुणी विचारलं तर सांगायचो,
आत हवा अडकलीय.